डीव्हीडी-व्हिडिओ रूपांतरण

डीव्हीडी-व्हिडिओ रूपांतरण म्हणजे संगणक, कॅमेरा किंवा मोबाइलमधील व्हिडिओ फाइल घरगुती डीव्हीडी प्लेअरवर चालेल अशा स्वरूपात बदलून तबकडीवर लिहिण्याची प्रक्रिया होय. फाइल जशीच्या तशी तबकडीवर उतरवल्यास किंवा तिच्या नावाचा विस्तार बदलल्यास हे साध्य होत नाही. संगणकात नवे सॉफ्टवेअर घालून बहुतेक फाइली उघडता येतात. प्लेअरमधील चिप मात्र ठरावीक स्वरूपेच वाचू शकते.

मानके

डीव्हीडी-व्हिडिओमध्ये चित्र सामान्यतः एमपीईजी-२ पद्धतीने संकुचित केलेले असते व त्याचा दर सेकंदाला ९.८ मेगाबिटपेक्षा जास्त असू शकत नाही. ध्वनीसाठी डॉल्बी डिजिटल किंवा पीसीएम ही स्वरूपे वापरतात. भारतात १९८२ साली रंगीत दूरचित्रवाणी पाल पद्धतीने सुरू झाली. त्यामुळे येथील तबकड्या ७२०×५७६ बिंदू व सेकंदाला २५ फ्रेम या मापाच्या असतात. अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत हेच माप ७२०×४८० बिंदू व २९.९७ फ्रेम असे आहे. गडहिंग्लज येथील लग्नाचे चित्रीकरण अमेरिकेतील नातेवाइकांना पाठवायचे असल्यास ते एनटीएससीमध्ये रूपांतरित करणे इष्ट ठरते, कारण तेथील अनेक प्लेअर पाल तबकडी दाखवत नाहीत. भारतातील बहुतेक प्लेअर मात्र दोन्ही पद्धती स्वीकारतात.

टप्पे

प्रथम चित्र व ध्वनी वरील मानकांनुसार संकुचित केले जातात. त्यानंतर त्यांची व्हीओबी, आयएफओ व बीयूपी या प्रकारच्या फाइलींत मांडणी करून त्या 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरमध्ये ठेवतात. शेवटी तबकडी लिहून ती बंद (फायनलाइझ) करतात.

साध्या एकपदरी तबकडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांच्या चित्रीकरणास चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, तर तीन तासांच्या चित्रीकरणास सुमारे ३.५. म्हणून लांबी वाढली की चित्राचा दर्जा घसरतो; अशा वेळी दोन तबकड्या करणे श्रेयस्कर असते.

सामान्य दोष

* चित्र चेपलेले वा ताणलेले दिसणे : ४:३ किंवा १६:९ या गुणोत्तराची नोंद चुकलेली असते.
* हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्यासारख्या दिसणे किंवा हालचाल थरथरणे : फ्रेममधील सम-विषम ओळींचा क्रम उलटलेला असतो.
* संगणकावर चालणारी तबकडी प्लेअरने नाकारणे : ती डेटा तबकडी म्हणून लिहिलेली असते किंवा बंद केलेली नसते.
* मध्येच अडखळणे : दर कमाल मर्यादेच्या फार जवळ गेलेला असतो किंवा तबकडीवर ओरखडे असतात.

मूळ फाइलीचे जतन

एमपीईजी-२ मध्ये रूपांतर करताना काही तपशील कायमचा गळतो. तबकडीवरून पुन्हा फाइल तयार केली तरी तो परत मिळत नाही. घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्याचा थरही उष्णता, दमटपणा व प्रकाश यांमुळे कालांतराने खराब होतो. त्यामुळे तबकडी हे पाहण्याचे साधन मानून मूळ चित्रीकरणाची फाइल स्वतंत्रपणे, किमान दोन ठिकाणी जपून ठेवणे आवश्यक असते.