सोनेगावची धावपट्टी आणि रात्रीचं टपाल

युद्धकाळातल्या वास्तू पाहायला निघालेली मंडळी आम्हाला हमखास विचारतात, "सोनेगावला काय पाहायला मिळेल?" खरं सांगायचं तर बाहेरून फार थोडं. एकीकडे विमानतळ, दुसरीकडे हवाई दल. आत हिंडता येत नाही. सीताबर्डीच्या किल्ल्याचंही तसंच. १८१७ च्या लढाईची ती टेकडी आजही लष्कराकडे आहे आणि वर्षातल्या ठरावीक दिवशीच लोकांना खुली होते.

पण वास्तू म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, तिचा वापरही पाहावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सोनेगावचा तळ मधला थांबा म्हणून वापरला. असं का, ते नकाशा सांगतो. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास ही चारही शहरं इथून हजार किलोमीटरच्या आत आहेत.

इंग्रज गेले, नकाशा तोच राहिला. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. चारही शहरांतून विमानं निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची. विमानं होती डाकोटा. युद्धात याच जातीच्या विमानांनी सैनिक नेले, आता पत्रं जाऊ लागली.

म्हणून आमचं मागणं एवढंच आहे की विमानतळ वाढवताना जुन्या इमारतींची छायाचित्रं आणि मोजमापं आधी नोंदवावीत. आणि तुमच्या घरात कुणी तिथे रात्रपाळी केली असेल, तर त्यांच्याशी आजच बोला. ती माणसं आता फार थोडी उरली आहेत.