चिंचवडगाव

पुण्याच्या वायव्येस, पवना नदीच्या काठी वसलेले जुने गाव. आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग. त्याला पुण्याचे उपनगर म्हणणे अपुरे आहे, कारण गावाची ओळख शहराने दिलेली नाही. गाणपत्य संत मोरया गोसावी यांची संजीवन समाधी येथे नदीकाठी आहे. भाद्रपद आणि माघ महिन्यांत मंगलमूर्तींची पालखी इथून मोरगावला जाते, पुण्याहून नव्हे. १८९७ मध्ये ब्रिटिश अधिकारी रँडचा वध करणारे चापेकर बंधूही याच गावचे. त्यांचा वाडा आता स्मारक आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की गाव वाढले ते मुंबई-पुणे रस्ता, लोहमार्ग आणि कारखान्यांमुळे. शेजारच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. हे खरेच. पण ती वाढ मुख्यतः महामार्गाच्या बाजूने झाली. गावठाणाची वीण आजही घाट आणि समाधीमंदिराभोवतीच आहे. नव्या वस्तीची गरज मात्र नदीनेच भागवली. पिंपरी-चिंचवडच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार पवनाच आहे, आणि सांडपाण्याचा भारही तिच्यावरच पडतो. पावसाळ्यात पवना धरणातून मोठा विसर्ग झाला की समाधीमंदिरात पाणी शिरते. म्हणून पात्रालगतच्या भरावांना आणि बांधकामांना परवानगी देताना पूररेषेला अंतिम शब्द मानले पाहिजे.