तिसरा बॅक

१९२५ सालच्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस न्यूकॅसल येथें लंडनच्या आर्सेनल संघाचा सात गोलांनीं पराभव झाला. आर्सेनलला एकहि गोल करतां आला नाहीं. लीगच्या सामन्यांत असे पराभव अधूनमधून होतात, आणि चार दिवसांत लोक ते विसरूनहि जातात. हा पराभव मात्र विसरला गेला नाहीं. कारण त्यानंतर संघाच्या मंडळींत जो वाद झाला, त्यानें फुटबॉलच्या मैदानावरील गड्यांची मांडणी पुढील पंचवीस-तीस वर्षांपुरती बदलून टाकली. वादाचा विषय साधा होता. गोलासमोर दोन बॅक उभे राहतात, तेथें तिसरा उभा करावा कीं नाहीं?

हा वाद समजण्यासाठीं जुनी मांडणी डोळ्यांपुढें आणली पाहिजे. गोलरक्षकापुढें दोन बॅक, त्यांच्यापुढें तीन हाफ आणि सर्वांत पुढें पांच फॉरवर्ड, ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इतकी रूढ झाली होती, कीं ती खेळाच्या नियमांतच लिहिलेली असावी असें वाटे. या रचनेचा कणा म्हणजे मधला हाफ, सेंटर-हाफ. बचावाच्या वेळीं तो मागें येई, चढाईच्या वेळीं फॉरवर्डांच्या पाठीशीं असे, आणि चेंडू कोणत्या बाजूस वळवावयाचा हें बहुधा तोच ठरवी. तिसरा बॅक करावयाचा म्हणजे या माणसास ओढून मागें न्यावयाचें. सेनापतीला वेशीवरचा पहारेकरी करावयाचें. पुष्कळांचा विरोध होता तो यामुळें.

मग असें करण्याची गरज कां पडली? तिचें मूळ ऑफसाइडच्या नियमांत आहे. १८६६ पासून चालत आलेल्या नियमाप्रमाणें, पुढें असलेल्या सोबत्याकडे चेंडू मारतांना तो सोबती आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. गोलरक्षक हा त्यांतला एक. म्हणून एक बॅक वेळ साधून जरा पुढें सरकला, कीं समोरचा फॉरवर्ड आपोआप गुन्हेगार ठरे. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकननें ही युक्ति इतकी साधली होती, कीं तिच्या अनुकरणानें खेळ मैदानाच्या मधोमध कोंडला जाऊं लागला. शिट्टीवर शिट्टी वाजे आणि पैसे देऊन आलेला प्रेक्षक कंटाळे. अखेर १९२५ च्या जूनमध्यें तीनांऐवजीं दोन गडी पुरेत असें ठरलें. इंग्लंडच्या लीगच्या पहिल्या विभागांत १९२४-२५ मध्यें ११९२ गोल झाले होते. पुढील हंगामांत ते १७०३ झाले. सामन्यांची संख्या तीच होती. नियमांतला एक आंकडा तेवढा बदलला होता. बचाव करणाऱ्यांची मात्र त्रेधा उडाली. आतां पुढें सरकलेल्या बॅकची चूक झाली तर सांवरावयास मागें कोणी नसे, आणि दोघे बॅक एकमेकांपासून लांब गेले कीं मधला रस्ता उघडा पडे.

हर्बर्ट चॅपमन त्याच वर्षीं हडर्सफील्ड सोडून आर्सेनलचा मॅनेजर झाला होता. हडर्सफील्डला त्यानें लागोपाठ दोनदां लीगचें अजिंक्यपद मिळवून दिलें होतें. आर्सेनलसाठीं त्यानें संडरलंडहून चार्ली बुकन यास आणलें. दोन हजार पौंड रोख, आणि पहिल्या हंगामांत बुकन करील त्या प्रत्येक गोलामागें शंभर पौंड, असा तो चमत्कारिक सौदा होता. तिसऱ्या बॅकचा आग्रह धरणारा तो हाच बुकन. न्यूकॅसलच्या सामन्यानें त्याच्या हातीं पुरावा दिला. त्या दिवशीं न्यूकॅसलचा सेंटर-हाफ स्पेन्सर हा आपल्या बॅकांजवळच राहिला होता. ही कल्पना एकट्या बुकनच्याच डोक्यांतून निघाली असें मानण्याचें कारण नाहीं. त्या महिन्यांत अनेक संघ अंधारांत चांचपडत त्याच दारापाशीं येत होते.

परंतु बुकनच्या म्हणण्याचा दुसरा एक भाग होता, आणि खरी मेख तेथें आहे. सेंटर-हाफ मागें गेल्यावर मधल्या मैदानांत जी पोकळी पडेल ती कोणीं भरावयाची? एका इनसाइड फॉरवर्डनें मागें यावें, असें त्याचें उत्तर होतें. हें काम आपणच करावें अशी त्याची इच्छा होती. चॅपमनला तो गोल करण्यासाठीं हवा होता. (गोलामागें शंभर पौंड कबूल करून त्याच माणसाला गोलापासून दूर ठेवणें हा व्यवहारहि विचित्रच दिसला असता!) शेवटीं निवड झाली ती खालच्या संघांत खेळणाऱ्या अँडी नील याची. त्याचे पाय मंद, पण चेंडू त्याच्या ताब्यांत राही. दोनच दिवसांनीं, ५ ऑक्टोबरला, वेस्ट हॅमच्या मैदानावर ही नवी मांडणी उभी राहिली आणि आर्सेनलनें तो सामना चार गोलांनीं जिंकला.

त्या दिवशीं मागें राहण्याचा हुकूम ज्याला झाला, त्या जॅक बटलरची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं. कोलंबो येथें जन्मलेला आणि इंग्लंडतर्फे खेळलेला हा गडी चढाईच्या हौशीचा सेंटर-हाफ होता. त्यानें हुकूम पाळला. पण पुष्कळ वर्षांची संवय एका सोमवारीं सुटत नाहीं. १९२६ मध्यें चॅपमननें ऑस्वेस्ट्रीहून हर्बी रॉबर्ट्स हा तरुण अवघ्या दोनशें पौंडांत आणला. नजरेंत भरण्याजोगें त्याच्या खेळांत कांहीं नव्हतें. सेंटर-फॉरवर्डला सोडावयाचें नाहीं, उंचावरचा चेंडू डोक्यानें परतवावयाचा, आणि हातचा चेंडू जवळच्या सोबत्यास देऊन मोकळें व्हावयाचें, एवढेंच त्याचें काम. इंग्लंडच्या संघांत त्याला उभ्या आयुष्यांत एकदांच स्थान मिळालें. मधली पोकळी भरावयास १९२९ मध्यें प्रेस्टनहून अलेक्स जेम्स आला. त्याच्यासाठीं ८७५० पौंड मोजावे लागले. दोन किंमतींतला हा फरकच या मांडणीचें मर्म सांगतो.

तिसरा बॅक म्हणजे भ्याड खेळ, असा आक्षेप तेव्हां वारंवार ऐकूं येई. १९३०-३१ च्या हंगामांत आर्सेनलनें ४२ सामन्यांत १२७ गोल करून अजिंक्यपद मिळविलें. दोन वर्षांनीं डाव्या बगलेवरून खेळणाऱ्या क्लिफ बॅस्टिननें एकट्यानें लीगमध्यें ३३ गोल केले. याला भ्याड खेळ म्हणणें कठीण आहे. तथापि आक्षेप सर्वस्वीं खोटाहि नव्हता. तो अनुकरण करणाऱ्यांना लागू होता. रॉबर्ट्ससारखा माणूस त्यांना स्वस्तांत मिळाला, जेम्स मिळाला नाहीं. मधलें मैदान ओसाड राहिलें आणि मागून पुढें नुसते लांब चेंडू उडूं लागले.

युरोपांत सर्वांनींच हा धडा गिरवला नाहीं. इटलीच्या व्हित्तोरिओ पोत्सोनें सेंटर-हाफला जुन्या गादीवरच ठेवलें. त्याचा मोन्ती गरज पडली कीं मागें येई, चेंडू मिळाला कीं पुढें सरसावे. १९३४ चा जागतिक चषक इटलीनें जिंकला. इंग्लंडला खरें उत्तर मिळालें तें २५ नोव्हेंबर १९५३ रोजीं, वेम्ब्लीच्या मैदानावर. हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड हिडेगकुटी आपल्या ठरीव जागीं उभाच राहिना. तो मागें सरकून मधल्या मैदानांत गेला. इंग्लंडचा तिसरा बॅक हॅरी जॉन्स्टन यानें काय करावें? त्याच्या पाठोपाठ जावें तर गोलासमोरचें दार उघडें. जागीं थांबावें तर राखावयास कोणीच नाहीं. सामना संपला तरी उत्तर सांपडलें नाहीं. हंगेरीनें ६-३ असा विजय मिळविला. त्यांतले तीन गोल हिडेगकुटीचे होते. जॉन्स्टन इंग्लंडकडून पुन्हां खेळला नाहीं.

पुढें १९५८ मध्यें ब्राझीलनें चार बॅकांची फळी उभारून जागतिक चषक जिंकला, आणि मध्यें दोन व बगलांना दोन ही रीत सर्वत्र पसरली. तरी जुना प्रश्न मिटला नाहीं. २४ सप्टेंबर २०१६ रोजीं चेल्सी संघ आर्सेनलकडून तीन गोलांनीं मार खात असतां, त्याचा इटालियन प्रशिक्षक अंतोनिओ कॉन्ते यानें चालू सामन्यांतच तीन बॅक मांडले. आतांचे हे तिघेहि गोलासमोर मध्यभागींच उभे राहतात. बगला दुसऱ्या दोघांकडे असतात. तो सामना हातचा गेला, पण पुढील १३ लीग सामने चेल्सीनें ओळीनें जिंकले आणि हंगामाअखेर अजिंक्यपदहि मिळविलें. येथेंहि तिसऱ्या माणसाइतकेंच महत्त्व इतरांना होतें: चढाईचा विंगर मोझेस उजव्या बगलेवर मागपासून पुढपर्यंत धांवूं लागला, आणि मधल्या मैदानांत कांते अखंड राबत होता. २०१८ मध्यें कॉन्ते गेला आणि त्याच्या जागीं आलेल्या प्रशिक्षकानें पुन्हां चारांची फळी मांडली. २०२१ च्या जानेवारींत टुखेल आला. त्यानें परत तीन मधले बॅक उभे केले, आणि मे महिन्यांत पोर्तो येथें चेल्सीनें मँचेस्टर सिटीला एका गोलानें हरवून युरोपचा चषक जिंकला.