पीफास मापनासाठी रक्तनमुन्याची पूर्वतयारी

नॉनस्टिक भांडी, जलरोधक कापड व अग्निशामक फेस यांत वापरली जाणारी पीफास ही फ्लोरिनयुक्त रसायने रक्तातील अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटून राहतात. रक्तरसात त्यांचे प्रमाण सहसा दर मिलिलिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेच असते. त्यामुळे द्रव्यमान वर्णपटमापकात सोडण्यापूर्वी नमुना प्रथिने व मेदद्रव्ये यांपासून मुक्त करावा लागतो.

प्रथम रक्तरसात कार्बन-१३ समस्थानिकयुक्त पीफासची ज्ञात मात्रा मिसळतात. पुढील टप्प्यांत होणारी घट तिच्या आधारे भरून काढता येते. नंतर ॲसिटोनायट्राइल घालताच द्रव दुधाळ होतो आणि केंद्रोत्सारकात फिरवल्यावर प्रथिनांचा पांढरा साका तळाशी बसतो. वरचा निवळ द्रव गरजेनुसार ऋणायन-विनिमयी स्तंभातून गाळून नायट्रोजनच्या झोतात आटवतात व द्रव वर्णलेखन-द्रव्यमान वर्णपटमापन यंत्रणेत तपासतात.

टेफ्लॉनची झाकणे वा नळ्या नमुना दूषित करू शकतात. म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या कुप्या वापरतात. प्रत्येक तुकडीबरोबर रक्तविरहित कोरा नमुनाही त्याच प्रक्रियेतून नेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात १९९९ पासूनच्या रक्तनमुन्यांत पीफास मोजले गेले आहेत.