अरबी चित्रपटातील सामान्य माणूस

इजिप्तच्या बोलपटाला हक्काचे घर बांधून दिले ते एका बँकेने. देशी भांडवल परकीयांच्या हाती न जाता देशाच्याच कामी यावे, या हेतूने तलअत हर्ब यांनी १९२० साली ‘बँक मिस्र’ काढली. आणि तिच्याच आश्रयाने १९३५ साली ‘स्टुडिओ मिस्र’ उभा राहिला. मिस्र म्हणजे इजिप्त. नावातच स्वदेशीचा अभिमान होता. परंतु या स्वदेशी स्टुडिओतून १९३६ साली बाहेर पडलेला पहिला चित्रपट ‘विदाद’ हा गतकाळातील एका गाणाऱ्या दासीचा होता. तीत उम्म कुलसूम यांच्यासारखी गायिका असल्यावर प्रेक्षकांना आणखी काय हवे होते? कैरोच्या रस्त्यावरचा माणूस मात्र अजून पडद्याबाहेरच होता.

तो आत आला १९३९ साली, कमाल सलीम यांच्या ‘अल्-अझीमा’ या चित्रपटातून. अझीमा म्हणजे निर्धार. (पुण्यात ‘प्रभात’चा ‘माणूस’ निघाला तो याच वर्षी.) येथे राजवाडा नाही, कैरोच्या जुन्या वस्तीतील एक बोळ आहे. तेथे न्हाव्याचे दुकान आहे, खाटकाचे आहे. न्हाव्याचा शिकलेला मुलगा नोकरी मिळवतो, ती गमावतो, आणि एका दुकानात विक्रेत्याचे काम करतो हे पत्नीपासून लपवून ठेवतो. पदवीधराला हाताने करावयाच्या कामाची वाटणारी ही लाज साऱ्या मध्यमवर्गाच्या ओळखीची आहे. शेवटी एका पाशाच्या कृपेने मार्ग निघतो, हा या चित्रपटाचा दुबळा भाग. दिग्दर्शकाने बोळ पाहिला होता, पण बोळातून बाहेर पडण्याची वाट त्याला श्रीमंताच्या दारातूनच दिसली.

या चित्रपटाचे साहाय्यक दिग्दर्शक सलाह अबू सैफ यांनी पुढे ही वाट सोडली. त्यांच्या पटकथांना नजीब महफूज यांचा हात लागला. १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे हे कादंबरीकार आयुष्याचा मोठा काळ सरकारी कचेरीत नोकरी करीत होते. दोघांच्या सहकार्यातून आलेला ‘अल्-फुतुव्वा’ (१९५७) घाऊक भाजीबाजारात घडतो. दक्षिणेकडून पोट भरण्यासाठी आलेला खेडूत बाजारात पाऊल ठेवतो तोच मानेवर चपराक खातो. मक्तेदाराशी झुंजता झुंजता स्वतःच मक्तेदार बनतो. आणि अखेरीस दुसरा एक खेडूत येऊन तशीच चपराक खातो. येथे पाशाच्या कृपेला जागाच उरलेली नाही.

पुढच्याच वर्षी यूसुफ शाहीन यांनी ‘बाब अल्-हदीद’ काढला. कैरोच्या मुख्य रेल्वेस्थानकाचे हे नाव. सबंध कथा त्याच्याच आवारात घडते. वर्तमानपत्रे विकणारा लंगडा किनावी, परवान्यावाचून थंड पेये विकत पोलिसांना चुकवणारी हनूमा, आणि हमालांची संघटना उभी करू पाहणारा तिचा वाग्दत्त वर अबू सरीअ ही तीन प्रमुख पात्रे. किनावीच्या खोपटाच्या भिंती मासिकांतून कापलेल्या स्त्रियांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. आईचा हार देऊन तो हनूमाला मागणी घालतो. ती हसून झिडकारते. आणि त्याच्या हाती सुरी येते. किनावीची भूमिका शाहीन यांनी स्वतःच केली. या सगळ्याभोवती स्थानक आपल्या गतीने चालू राहते: कोणी निरोप घेतो, कोणी भाषण करतो, एका डब्यात तरुण मुले पाश्चात्त्य संगीत वाजवतात आणि हनूमा त्यावर नाचते.

प्रेक्षकांना हा चित्रपट मुळीच रुचला नाही. हमालाच्या भूमिकेत फरीद शौकी होते, स्वस्त तिकिटांच्या प्रेक्षकांचे लाडके नायक. त्यांचे पराक्रम पाहावयास आलेल्यांना पडद्यावर मुख्य जागी दिसला तो एक विकल, वासनेने पोळलेला, दयनीय खुनी. सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण होऊन अवघी दोन वर्षे झाली होती. राष्ट्राची मान ताठ असण्याच्या त्या दिवसांत हा आरसा कोणाला हवा होता? पुढे मात्र याच चित्रपटाची गणना श्रेष्ठ अरबी चित्रपटांत होऊ लागली. अखेरच्या प्रसंगी म्हातारा मद्बूली, तुझे हनूमाशी लग्न लावतो, असे समजावून किनावीला वेड्यांना घालावयाचा अंगरखा चढवतो, आणि तो ते लग्नाचेच वस्त्र समजतो.

शाहीन १९२६ साली अलेक्झांड्रियात जन्मले. तौफीक सालेह यांचाही जन्म त्याच शहरातला, त्याच सालचा. १९६७ च्या युद्धातील पराभवानंतर अरब कलावंतांना जुना उत्साह आणणे अवघड झाले. इजिप्तमध्ये सालेह यांचे चित्रनियंत्रकांशी खटके उडाले होते. ते सीरियात गेले आणि तेथील सरकारी चित्रसंस्थेसाठी त्यांनी १९७२ साली ‘अल्-मख्दूऊन’, म्हणजे ‘फसवले गेलेले’, हा चित्रपट केला. त्याचा आधार गस्सान कनफानी या पॅलेस्टिनी लेखकाची १९६३ सालची लघुकादंबरी. तीन निर्वासित, एक वृद्ध शेतकरी, एक तरुण आणि एक कोवळा मुलगा, चोरून कुवेतला जाण्यासाठी बसऱ्याहून पाण्याच्या टाकीच्या मोटारीतून निघतात. ऑगस्टचे ऊन. सीमेवरील चौकी आली की टाकीत उतरावयाचे, वरून झाकण बंद. एका चौकीवर कचेरीतले अधिकारी मोटारचालकाची बसऱ्यातील एका नर्तकीवरून थट्टा करीत बसतात, आणि तेवढ्या वेळात टाकीत तिघे मरतात.

कादंबरीत ते टाकीच्या भिंती ठोकत नाहीत; का ठोकल्या नाहीत, हाच चालकाचा आक्रोश आहे. सालेह यांनी येथे बदल केला. त्यांच्या चित्रपटात ते ठोकतात. परंतु कचेरीतील वातानुकूलन यंत्रांच्या घरघरीत तो आवाज कोणाला ऐकू जात नाही. कनफानींचा प्रश्न आपल्या लोकांच्या मुकेपणाला होता. सालेह यांनी तो गार खोलीत बसलेल्या अरब राज्यांकडे वळवला. काही अरब देशांनी चित्रपटावर बंदी घातली, हे मग समजण्यासारखे आहे. त्याच वर्षी ट्यूनिशियातील कार्थेज महोत्सवात त्याला सुवर्ण तानीत हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तोवर कनफानी हयात नव्हते. ८ जुलै १९७२ रोजी बैरूतमध्ये त्यांच्या मोटारीत बाँबस्फोट घडवून त्यांची हत्या करण्यात आली होती. त्यांचे वय छत्तीस होते.