प्रोजेस्टेरॉनला न जुमानणाऱ्या पेशी

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी पोटात भलतीकडेच वाढतात, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दहातल्या साधारण एकीला होणारा हा आजार. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन या सर्जनने १९२७ मध्ये मांडलं, की पाळीचं थोडं रक्त उलटं फिरून बीजवाहिन्यांतून पोटात जातं आणि त्यातले अस्तराचे तुकडे तिथे रुजतात. नंतर कळलं, की रक्त असं बहुतेक सगळ्याच बायकांत उलटं जातं. मग रुजतं काहींच्याच पोटात, ते का?

मला जास्त ओढतो तो औषधाचा इतिहास. गरोदरपणात हा त्रास कमी होतो, असं डॉक्टरांना दिसत होतं. त्यावरून बोस्टनच्या रॉबर्ट किस्टनरने १९५८ मध्ये प्रोजेस्टेरॉनसारख्या नव्या कृत्रिम औषधांचा उपाय मांडला. महिनोन् महिने गोळ्या द्यायच्या, शरीराला गरोदर असल्याचं भासवायचं. आजही उपचार बराचसा याच वाटेने जातो. अनेकींना गुण येतो, काहींना अजिबात नाही. माझ्या मावसबहिणीला एका दवाखान्यात विचारलं होतं, "गोळ्या वेळेवर घेतेस ना?" ती मोबाईलवर अलार्म लावून घेत होती.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर पेशीत होतं. प्रोजेस्टेरॉनचा निरोप घेणारे रिसेप्टर दोन, ए आणि बी. दोन्ही एकाच जनुकापासून बनतात, फक्त वाचायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी होते. २००० मध्ये सेरदार बुलुन आणि सहकाऱ्यांना आजारी ऊतीत ए सापडला, बी सापडलाच नाही. पुढे २००६ मध्ये दिसलं, की बीच्या सुरुवातीच्या जागेवर मिथाइलचे गट चिकटलेले आहेत. जनुकाची अक्षरं शाबूत, वाचन बंद. आम्ही ओळ डिलीट न करता कॉमेंट करून ठेवतो ना, तसंच.

याचा फटका पुढे बसतो. एरवी प्रोजेस्टेरॉनच्या सांगण्यावरून अस्तरात एक एन्झाइम तयार होतं आणि ते तिखट इस्ट्रोजेनला सौम्य करतं. इथे ते होत नाही. वर अरोमाटेज नावाच्या दुसऱ्या एन्झाइमच्या जोरावर या पेशी इस्ट्रोजेन स्वतःच बनवतात. ब्रेक निकामी आणि पेट्रोलपंप घरातच! गोळी वेळेवर घेतली, रक्तात नीट पोचली, तरी ऐकणारं कोणी नाही.

म्हणून मग डॉक्टर पंपच बंद करू पाहतात. लेट्रोझोल हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध अरोमाटेज अडवतं, आणि बाकी उपाय थकले की ते इथेही वापरून पाहतात. पण फार काळ घेतलं तर हाडं ठिसूळ होतात.