दोन बारांमधला वेळ

श्रोतेहो, पेठ वडगावच्या बाजाराला जाणाऱ्यांना तिथली सेनापती धनाजी जाधवांची समाधी ठाऊक असेल. धनाजींच्या काळी पायदळाच्या शिपायाजवळ तोड्याची बंदूक असे. एक बार उडाला, की नळीत पुन्हा दारू ओता, गोळी ठासा, तोडा सांभाळा. तेवढ्यात घोडेस्वार अंगावर येऊन थडकायचा! बंदुकीचा पुढचा बराचसा इतिहास म्हणजे हा दोन बारांमधला वेळ कमी करण्याची खटपट होय. आपल्या जवानाच्या रायफलीची गोष्ट आज त्याच नजरेने पाहू.

गावातल्या एखाद्या वयोवृद्ध फौजीला विचारा, तो ‘थ्री नॉट थ्री’चे नाव काढील. दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणी याच ब्रिटिश घडणीच्या रायफलीने लढल्या. शस्त्र मोठे भक्कम, नेमही अचूक. आत १० काडतुसे मावत. पण दर बारानंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची नि खाली दाबायची. हात चालेल तेवढीच बंदूक चालणार.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियममध्ये द्यूदोने सैव या कारागिराने नवी रायफल घडवली. तिची युक्ती समजायला सोपी आहे. गोळी सुटली, की जळालेल्या दारूचा थोडा वायू नळीच्या भोकातून वर शिरतो आणि एक दट्ट्या मागे रेटतो. त्यासरशी बोल्ट मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. लगेच स्प्रिंग त्याला पुढे आणते आणि नवे काडतूस नळीत बसते. जवानाने फक्त चाप ओढायचा. ब्रिटनने १९५० नंतरच्या दशकात हीच रायफल आपल्या सैन्याला दिली.

आपण मात्र मागे राहिलो. १९६२ साली हिमालयात चिनी सैन्याशी गाठ पडली, तेव्हा आपल्या जवानाजवळ थ्री नॉट थ्रीच होती. समोरच्यांकडे आपोआप भरणारी शस्त्रे होती. पराभवाला एकटी रायफल कारण नव्हे. गरम कपडे नव्हते, रस्ते नव्हते, तयारीही नव्हती. पण बर्फाने बधिरलेल्या बोटांनी बोल्ट ओढताना जवानाला काय वाटले असेल, याचा विचार करावा.

मग तहान लागल्यावर विहीर खणावी तसे काम सुरू झाले. पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेतील तंत्रज्ञांनी परदेशी रायफली सुट्या करून एकेक भाग तपासला. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात १९६३ साली भारतीय एस.एल.आर. तयार होऊ लागली. गोळी ७.६२ मिलिमीटरची, मॅगझिनमध्ये काडतुसे २०. १९७१ च्या युद्धात आपल्या पायदळाचे हेच मुख्य शस्त्र होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. जड काडतुसे थोडीच वाहून नेता येतात, म्हणून पुण्याच्याच संस्थेने ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ तयार केली. १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. शिवाय लहान गोळीचा तडाखा कमी पडतो, असेही म्हणणे पुढे आले. २०१९ पासून परदेशी ७.६२ च्या रायफली विकत घेतल्या गेल्या आणि २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या संस्थेने ‘उग्रम’ ही त्याच मापाची रायफल पुढे आणली. फिरून आपण त्याच मापाशी आलो!

शिक्षकबंधूंनो, मुलांना हे जरूर सांगा. रायफलीच्या दोन बारांमधला वेळ यंत्राने कमी होतो. पण एक शस्त्र जुने झाल्यापासून दुसरे हाती येईपर्यंतचा वेळ शाळेत, प्रयोगशाळेत आणि कारखान्यात कमी करावा लागतो. तिथे आपण उशीर केला, की त्याची किंमत सीमेवर कुणाच्या तरी घरचा मुलगा मोजतो.